जिवंत पेशी आणि चांदीची तार: छापलेला कान कसा घडतो

2013 साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात एक कान छापला गेला. आकार माणसाच्या कानाचा, पेशी वासराच्या कूर्चेतल्या, आणि आत चांदीच्या अतिसूक्ष्म कणांनी विद्युतवाहक केलेल्या सिलिकोनचं वेटोळं. मायकेल मॅकअल्पाइन यांच्या प्रयोगशाळेतल्या मनू मन्नूर आणि सहकाऱ्यांनी थ्रीडी प्रिंटरने पेशींचे आणि तारेचे थर एकाच बैठकीत रचले होते. कान आधी वाढवून त्यात तार मागाहून बसवण्याचा प्रश्नच आला नाही.

बायोप्रिंटिंग म्हणजे जिवंत पेशी मिसळलेल्या 'शाई'ने थर रचून ऊती घडवणं. त्याबद्दल आपण वाचतो ते बहुतेक वेळा निकामी अवयव बदलण्याच्या संदर्भात. या कानाने दुसरा प्रश्न पुढे आणला: अंगावर किंवा अंगात वर्षानुवर्षं राहायचं असलेलं यंत्र मुळातच पेशींच्या सोबतीने घडवता येईल का?

मनगटावरच्या घड्याळापासून मेंदूत बसवायच्या इलेक्ट्रोडपर्यंत सगळ्या उपकरणांची मूळ अडचण सारखीच आहे. इलेक्ट्रॉनिक्स सपाट, कडक, कोरडं असतं आणि त्यातले बरेच भाग शेकडो अंश तापमानात तयार होतात. शरीर वळणावळणाचं, मऊ, ओलं आणि 37 अंशांवर बेतलेलं. आजवर जुळवून घेतलं ते शरीराने. पट्टा काचतो, चिकटपट्टीखाली खाज सुटते, आत बसवलेल्या इलेक्ट्रोडभोवती व्रणाची ऊती जमते. पेशींसोबत यंत्र छापायचं ठरवलं की अटी शरीर घालतं आणि त्या यंत्राला पाळाव्या लागतात. तापमान किती, मऊपणा किती, वेळ किती, हे सगळं पेशी ठरवतात. हे नेमकं कसं घडतं, ते या कानाच्या निमित्ताने पायरीपायरीने पाहू.

शाई: वाहायलाही हवी, थांबायलाही हवी

पहिली पायरी शाईची. या कानासाठी वासराच्या सांध्यातल्या कूर्चेच्या पेशी घेतल्या आणि त्या अल्जिनेट नावाच्या जेलमध्ये मिसळल्या. अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून मिळतं. त्याचे रेणू लांब साखळ्यांचे असतात. कॅल्शियम मिळालं की या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि पातळ द्रवाचं पाणीदार, मऊ जेल होतं. प्रत्येक मिलिलिटर शाईत सुमारे 6 कोटी पेशी होत्या.

अशा शाईकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. सुईतून बाहेर पडताना तिने सहज वाहावं आणि जागेवर पडल्यावर जराही हलू नये. मेंदीचा कोन दाबला की धार सुरळीत येते आणि हातावर उमटलेली रेघ पसरत नाही. पेशींच्या शाईला, म्हणजे बायोइंकला, हेच साधावं लागतं. दाब असेपर्यंत जेलमधल्या साखळ्या एका दिशेने लागतात, शाई पातळ होते. दाब गेला की साखळ्या पुन्हा गुंततात आणि शाई आकार धरते. जे साहित्य असं वागत नाही ते कितीही पौष्टिक असलं तरी छपाईच्या कामाचं नाही.

आता या सुईत जरा डोकावून पाहू. पेशीचा व्यास साधारण 10 ते 20 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा किंवा त्याहून कमी. सुईचं तोंड असतं काहीशे मायक्रॉनांचं. मधोमध वाहणारी पेशी त्यातून सुखरूप जाते, पण सुईच्या भिंतीलगत वाहणाऱ्या पेशीची एक बाजू अडते आणि दुसरी पुढे खेचली जाते. प्राण्यांच्या पेशीला वनस्पतीसारखी जाड भिंत नसते, असतं ते फक्त स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण. ताण वाढला की ते फाटतं. सुई बारीक घेतली तर रेघ नाजूक येते, पण पेशी जास्त मरतात. सुई मोठी घेतली तर पेशी वाचतात आणि बारकावे हरवतात. शाई घट्ट केली तर आकार टिकतो, पण दाब वाढवावा लागतो. बायोप्रिंटिंग करणाऱ्यांचे कित्येक महिने हा तोल साधण्यात जातात. प्रिन्स्टनच्या कानात छपाईनंतर 90 टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत होत्या, म्हणूनच पुढचं सारं शक्य झालं.

छपाई: तीन साहित्यं, एक कान

दुसरी पायरी आराखड्याची. संगणकावर कानाचा त्रिमित आकार रेखाटला जातो आणि त्याचे आडवे पातळ काप केले जातात. प्रत्येक कापात कुठे कोणतं साहित्य पडायचं, हे प्रिंटरला सांगितलं जातं. या कानाला तीन साहित्यं लागली: पेशी असलेलं जेल, चांदीचे कण मिसळलेलं वाहक सिलिकोन आणि साधं सिलिकोन. प्रिंटर होता 'फॅब ॲट होम' नावाचा, सिरिंजने काम करणारा साधा यंत्रसंच. एका थरात सिरिंज जेलची रेघ ओढते, त्याच थरात ठरल्या जागी वाहक सिलिकोनचा तुकडा पडतो. पुढच्या थरात तो तुकडा किंचित सरकतो. थर चढत जातात तसं कानाच्या आत वेटोळं आकार घेतं आणि त्याची टोकं तळाशी, अंतर्कर्णातल्या कॉक्लियासारख्या वळणदार इलेक्ट्रोडपर्यंत पोचतात.

इथे साहित्याच्या निवडीत यंत्राने किती पडतं घेतलं आहे ते लक्षात येतं. नेहमीच्या सर्किटसाठी तांब्याची पट्टी आणि डाग देण्याची उष्णता लागते. ती उष्णता पेशींच्या शेजारी चालणार नाही, आणि ताठ तांबं मऊ जेलमध्ये फट पाडेल. म्हणून तार अशी हवी की जी सुईतून वाहील, उष्णतेविना आकार धरेल आणि कानासोबत वाकेल. चांदीमिश्रित सिलिकोनची वाहकता धातूच्या तारेएवढी चांगली नसते. पण पेशींच्या शेजारी राहायचं तर ही किंमत मोजावी लागते.

सिरिंज हा छपाईचा एक मार्ग झाला. खरं तर सुरुवात झाली ती ऑफिसातल्या इंकजेट प्रिंटरपासून. 1988 मध्ये रॉबर्ट क्लेबी यांनी अशा प्रिंटरने पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची नक्षी छापली आणि पेशी हव्या त्या जागी बसवून दाखवल्या. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत क्लेमसन विद्यापीठात थॉमस बोलंड यांनी इंकजेटमध्ये फेरफार करून थेट पेशींचेच थेंब सोडले. आज याखेरीज प्रकाशाने थर घट्ट करणारे आणि लेसरच्या स्पंदाने थेंब उडवणारे प्रिंटरही आहेत. इंकजेट वेगवान आहे, पण त्याला पातळ शाई लागते. प्रकाशाची पद्धत सगळ्यात बारीक काम करते, पण एका वेळी अनेक साहित्यं हाताळणं तिला जड जातं. पेशी आणि तार एकत्र छापायची असतील तर सिरिंज सोयीची, कारण जितकी साहित्यं तितक्या सिरिंजा लावता येतात.

छापून झालं, आता वाट पाहायची

प्रिंटर थांबला तेव्हा जे तयार होतं त्याला कान म्हणणं घाईचं ठरलं असतं. ते होतं शेवाळाच्या जेलमध्ये अडकलेल्या पेशींचं, कानाची ठेवण असलेलं रूप. त्यातून ऊती घडवण्याचं काम पेशींचं. पोषकद्रव्यांत बुडवून हा कान 10 आठवडे वाढवला गेला. या काळात पेशींनी आपल्याभोवती कोलॅजनसारखी प्रथिनं विणली आणि कूर्चेचा स्वतःचा सांगाडा उभा केला. हा काळ घटवणं प्रिंटरच्या हातात नाही, कारण तो पेशींच्या चयापचयाचा वेग आहे.

पण कानच का निवडला? कारण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन झिरपत साधारण 100 ते 200 मायक्रॉनांपर्यंतच पोचतो. यकृत किंवा हृदयाच्या स्नायूचा जाडजूड तुकडा छापला तर बाहेरच्या पेशी जगतील आणि मधल्या गुदमरतील. कूर्चेच्या पेशी मात्र थोडक्या ऑक्सिजनवर भागवायला निसर्गतःच शिकलेल्या आहेत. डोळ्याच्या कॉर्नियाचंही तसंच, त्यातही रक्तवाहिन्या नाहीत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी या संस्थांनी 2022 मध्ये थ्रीडी छापलेला कॉर्निया सशाच्या डोळ्यात बसवल्याचं जाहीर केलं, तेही याच सोयीच्या वाटेवरचं पाऊल. त्यासाठी प्रत्यारोपणाला न चालणाऱ्या मानवी कॉर्नियातून पेशी काढून उरलेल्या जाळीपासून जेल बनवलं होतं.

जाड ऊतींसाठी रक्तवाहिन्याही छापण्याचे प्रयत्न चालू आहेत. हार्वर्डमध्ये जेनिफर लुईस यांच्या गटाने 2014 मध्ये अशी शाई वापरली की जी थंड केल्यावर द्रव होते. तिने जाळं छापायचं, भोवती पेशींचं जेल ओतायचं, मग थंड करून ती शाई ओढून घ्यायची, आणि मागे पोकळ नळ्या उरतात. हे काम जसजसं पुढे जाईल तसतसे स्नायूंचे जाड तुकडे आवाक्यात येतील.

हा कान ऐकतो काय?

इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण याविषयी गैरसमज सहज होतो. प्रिन्स्टनच्या कानाला पडदा नव्हता आणि मायक्रोफोनही नव्हता. हवेतला आवाज तो पकडत नव्हता. आतलं वेटोळं म्हणजे अँटेना, आणि ती विद्युतचुंबकीय लहरी पकडत होती, अगदी 5 गिगाहर्ट्झपर्यंतच्या, म्हणजे माणसाच्या कानाला कधीच न कळणाऱ्या. डावा आणि उजवा असे दोन कान करून त्यांच्याकडे संगीताचे संदेश पाठवले तेव्हा इलेक्ट्रोडच्या टोकाशी ते स्टिरिओ रूपात मिळाले. हा कान कुणा माणसाला बसवला गेला नाही.

तरीही त्याचं नातं ओळखीच्या उपकरणाशी आहे. कॉक्लियर इम्प्लांट केलेल्या मुलाच्या कानामागे चुंबकाने चिकटलेली चकती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्यात एक वेटोळं असतं, त्वचेखाली दुसरं, आणि या दोघांमधून संदेश श्रवणनाडीकडच्या इलेक्ट्रोडपर्यंत जातो. प्रिन्स्टनच्या प्रयोगाने दाखवलं की असं वेटोळं जिवंत ऊतीच्याच पोटात घडवता येतं.

पुढे काय झालं हे फार बोलकं आहे. 2022 मध्ये अमेरिकेत जन्मतः एक कान अपुरा असलेल्या एका तरुणीला तिच्याच पेशींपासून छापलेला बाह्यकर्ण बसवण्यात आला. तो 'थ्रीडीबायो थेरप्युटिक्स' या कंपनीने बनवला होता आणि त्याचा आकार तिच्या चांगल्या कानाच्या प्रतिबिंबावरून घेतला होता. एरवी अशा शस्त्रक्रियेसाठी बरगडीची कूर्चा काढून ती कोरावी लागते. पण या कानात तार नव्हती. पेशींचा कान माणसापर्यंत पोचला, तारेचा कान प्रयोगशाळेत राहिला. पेशी आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र शरीरात सुरक्षित राहतील हे सिद्ध करणं किती अवघड आहे, ते या दोन कानांमधल्या अंतरावरून कळतं.

कातडीवरची छपाई

शरीराच्या आत जाण्याआधी शरीराच्या वर प्रयोग करणं सोपं. 2017 मध्ये एमआयटीत शुआनहे झाओ आणि टिमोथी लू यांच्या गटांनी कातडीवर चिकटवायचा एक 'जिवंत टॅटू' छापला. पातळ, ताणली जाणारी पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर फांद्या फुटलेलं झाड. फांद्यांमध्ये जनुकीय बदल केलेले जिवाणू होते. एकेका फांदीतल्या जिवाणूंना एकेक रसायन ओळखायला शिकवलेलं. हाताच्या पाठीवर ती रसायनं लावून वर पट्टी चिकटवली, आणि काही तासांत ज्या फांदीचं रसायन सापडलं ती फांदी चमकू लागली. काही रचनांमध्ये तर पेशींना शेजारच्या पेशींकडून निरोप मिळाल्यावरच चमकायचं होतं, म्हणजे प्राथमिक गणनक्रिया जिवाणूच करत होते.

या गटाने आधी सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरून पाहिल्या होत्या, पण त्या छपाईतच मरत होत्या. जिवाणूंना भक्कम पेशीभित्ती असते, म्हणून ते सुईतला ताण आणि जेल पक्कं करणारा अतिनील प्रकाश दोन्ही सोसू शकले. जेलमधलं पाणी आणि पोषकद्रव्यं त्यांना जगवत होती, आणि छपाईच्या रेघा 30 मायक्रॉनांपर्यंत बारीक होत्या. या संवेदकाला बॅटरी लागत नाही, तो जेलमधल्या अन्नावर चालतो. पण त्याला उत्तर द्यायला तास लागतात. घामातलं किंवा हवेतलं एखादं प्रदूषक दिवसभरात कळलं तरी चालेल, अशा कामाला तो योग्य आहे. हृदयाचा ठोका मोजायला तो निरुपयोगी आहे.

दुसरा प्रयोग 2018 चा. मॅकअल्पाइन तोवर मिनेसोटा विद्यापीठात गेले होते. तिथे त्यांच्या गटाने थेट माणसाच्या हातावर सर्किट छापलं. हात स्थिर राहत नाही, तो श्वासासोबतही हलतो. म्हणून त्वचेवर तात्पुरत्या खुणा लावल्या, कॅमेऱ्याने त्या सतत टिपल्या, आणि हात सरकला की सुईही त्यासोबत सरकत राहिली. शाईत चांदीच्या पापुद्र्यांसारखे कण होते आणि ती खोलीच्या तापमानालाच सुकत होती. अनेक वाहक शाया 100 अंशांपर्यंत तापवाव्या लागतात, हातावर ते शक्यच नाही. काम झालं की हे सर्किट चिमट्याने सोलता येतं किंवा पाण्याने धुता येतं. प्रिंटरची किंमत 400 डॉलरपेक्षा कमी होती. त्याच पद्धतीने या गटाने उंदराच्या जखमेवर पेशीही छापल्या. जखम भरणारी पेशी आणि जखमेवर लक्ष ठेवणारा सेन्सर एकाच सुईखालून यावेत, ही कल्पना इथे पहिल्यांदा हातात धरण्याएवढी जवळ आली.

जिथे नस आणि तार भेटतात

माणूस आणि यंत्र यांच्यातला सगळ्यात अवघड सांधा नसेपाशी आहे. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात. नसेत संदेश जातो तो सोडियम, पोटॅशियम यांच्या आयनांच्या हालचालीने. या दोन भाषांमध्ये दुभाषा लागतो. शिवाय सिलिकॉन मेंदूच्या ऊतीपेक्षा कोट्यवधी पट कडक असतं. डोकं हललं की मऊ मेंदू हलतो आणि कडक सुई तशीच राहते. सततच्या घर्षणाने तिथे सूज येते, भोवती व्रण तयार होतो, आणि काही काळाने त्या व्रणाआडून संदेश ऐकू येईनासे होतात.

यावर उपाय म्हणून आयन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही वाहून नेणारी बहुवारिकं वापरली जातात. पेडॉट-पीएसएस हे त्यातलं सर्वांत वापरातलं. 2020 मध्ये झाओ यांच्याच गटाने या बहुवारिकाची छापण्याजोगी शाई केली, तिच्यापासून मऊ इलेक्ट्रोड छापला आणि उंदराच्या मेंदूतले संदेश टिपले. 2023 मध्ये स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाने तर प्रिंटरच बाजूला ठेवला. त्यांनी जेल टोचलं, आणि शरीरातल्याच ग्लुकोजसारख्या रेणूंच्या मदतीने झेब्राफिश माशाच्या मेंदूत आणि जळवेच्या मज्जाऊतीत ते जेल आपोआप विद्युतवाहक झालं. तार बाहेर घडवून आत घालायची गरजच तिथे उरली नाही.

उरलेली कामं

या सगळ्या प्रयोगांपैकी बहुतेक अजून प्रयोगशाळेत आहेत, आणि त्यामागे ठोस कारणं आहेत. जिवंत उपकरणाला अन्न लागतं, ओलावा लागतो, ते गोदामात वर्षभर ठेवता येत नाही. जनुकीय बदल केलेले जिवाणू अंगावर वागवायचे तर ते पट्टीबाहेर पडणार नाहीत याची खात्री हवी. परक्या पेशी शरीर नाकारतं, आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वाढवायच्या तर प्रत्येक रुग्णामागे आठवडे आणि पैसे लागतात. चांदी जंतूंना मारते, ती दीर्घकाळ पेशींशेजारी राहिली तर पेशींचं काय होतं हेही तपासावं लागतं. मान्यता देणाऱ्या यंत्रणेपुढे तर वेगळाच पेच आहे: हे औषध, अवयव की विद्युत उपकरण? तिघांचे नियम वेगवेगळे आहेत.

म्हणून 'अमुक अवयव छापला' अशी बातमी आली की तीन गोष्टी पाहाव्यात. पेशी कुणाच्या होत्या, जिवाणूच्या, प्राण्याच्या की रुग्णाच्या? ऊती किती जाड होती आणि तिच्यात रक्तवाहिन्यांची सोय होती का? आणि ती किती दिवस, कुठे टिकली, बशीत, उंदरात की माणसात? एवढ्या तीन उत्तरांवरून बातमीचं खरं वजन कळतं.

भाजलेल्या माणसाला, हात गमावलेल्या कामगाराला, कान अपुरा घेऊन जन्मलेल्या मुलाला या विद्येची खरी गरज आहे. त्यांना आज मिळणारं उपकरण काचतं, गरम होतं, काढून ठेवावं लागतं, आणि ते सोसण्याची सवय आपण त्यांनाच लावून घ्यायला सांगतो. पेशींच्या शेजारी बसू शकेल असं यंत्र घडवताना संशोधकांना तापमान कमी करावं लागलं, वाहकता सोडावी लागली, वेगही सोडावा लागला. ही तडजोड मला या विद्येतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तिची प्रगती मोजायचं माझं माप एकच आहे: यंत्रासाठी शरीराला किती कमी सोसावं लागतं.